हरेल तिने चहा करायचा

रेवती, तुझ्या शोकसभेत मला बोलायला लावलं होतं आणि मी बोलले नाही. माइकसमोर उभी राहिले, घसा खाकरला आणि खाली येऊन बसले. सगळ्यांना वाटलं, रडू आवरत नाहीये बिचारीला. अल्बमवाल्या रोहितने तर पाण्याचा ग्लास आणून दिला. खरं सांगू? मला राग आला होता. माझ्या आधी एक बाई बोलल्या. त्या कोण ते मला अजूनही कळलेलं नाही. त्या म्हणाल्या, "रेवतीसारखा कान पुण्यात दुसरा नव्हता, आणि कल्याणी तिला मदत करायची." मदत. इतकी वर्षं एका टेबलाशी दोन खुर्च्या लावून आपण गाण्यांचे ट्रॅक केले, आणि मी मदत करायची. म्हणजे तू पोळ्या लाटत होतीस आणि मी कणीक मळून देत होते.

तर असं आहे. तू गेलीस आणि मी तुझ्यावर जळतेय. आधीही जळायचे, पण तेव्हा निदान तू समोर असायचीस, तुझ्याशी भांडता यायचं, तुझ्या खुर्चीला लाथ मारता यायची. आता तुझा फोटो आहे आणि त्याला हार आहे. फोटोसुद्धा असा निवडलाय की तू सगळं ऐकून घेणारी, शांत, समजूतदार बाई वाटतेस. तू आणि समजूतदार. मी हसले तिथे, तोंडावर रुमाल धरून. लोकांना तेही रडणंच वाटलं.

तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच जळायला सुरुवात झाली होती. बुधवार पेठेत, त्या बोळातल्या दुकानात. मी अकोल्याहून येऊन हिंजवडीत नोकरीला लागले होते, आणि घरी स्वतः केलेला पहिला पूर्ण ट्रॅक मोबाइलमध्ये घालून स्पीकर घ्यायला आले होते. दुकानदाराला म्हटलं, पूर्ण आवाजात लावा. काउंटरवरचे पेन थरथरत होते. मला वाटलं, वा. मागे तू उभी होतीस, कसलीशी वायर घ्यायला. माझ्या खांद्यावरून हात पुढे घातलास आणि आवाजाचं बटण जवळजवळ शून्यापर्यंत फिरवलंस.

"काय करून राहिली तू? माहा ट्रॅक आहे तो," मी म्हटलं. चिडले की माझी वऱ्हाडी सुटते.

"तुझाच असणार," तू म्हणालीस. "आता ऐक. काय उरलं?"

टक, टक, टक. नुसता ठोका उरला होता. ज्या धुनेवर मी दोन महिने घालवले होते ती कुठे गेली पत्ताच नाही. तू दुकानदाराला वायरीचं माप सांगत होतीस, जसं काही घडलंच नव्हतं. एवढ्या हळू आवाजात जे ऐकू येतं तेवढंच ट्रॅकमध्ये खरं असतं, बाकीचं स्पीकरचं काम, असं तू जाता जाता म्हणालीस. आणि दरवाज्यातून वळून, "धून चांगली आहे. पुरून टाकलीयस."

मी तुझ्या मागे मागे मंडईपर्यंत आले. भांडायला आले होते. तू मेथी घेत होतीस. भांडण झालंच नाही, मेथीची दुसरी जुडी मी धरली, आणि रविवारी दुपारी मी तुझ्या घरी होते.

स्वारगेटजवळचं तुझं घर. मागच्या बेडरूममध्ये आपला स्टुडिओ. स्टुडिओ कसला, दोन स्पीकर, एक कॉम्प्युटर आणि भिंतींना लावलेल्या काकूंच्या जुन्या गोधड्या. काकू म्हणजे तुझी आई, पण तुला कधी त्यांना आई म्हणताना मी फारसं ऐकलं नाही, तूही सगळ्यांच्या देखत काकूच म्हणायचीस, चिडवायला. बाहेर एसटीचे हॉर्न, मेट्रोच्या पुलाखालची वाहनं. आणि तुझी कामाची वेळ कुठली? दुपारची. जेवणानंतर सगळी बिल्डिंग झोपते तेव्हा. पुण्यात दुपारी आवाज करणं म्हणजे काय ते मला वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी पहिल्याच रविवारी जिन्यात शिकवलं. "आपण गाणं करता असं कळलं," ते म्हणाले. "आम्हाला ते कळण्याची गरज नव्हती." म्हणून तू इतक्या हळू आवाजात मिक्स करायला शिकलीस की पंखा सुरू असला तर ऐकू येऊ नये. पंखा बंद, खिडकी बंद, एप्रिलचा महिना, दोघी घामाने निथळतोय, आणि तू किकचा ठोका आणि बेसचा खर्ज यांच्यातलं भांडण सोडवतेयस. लोक सभेत म्हणाले, रेवतीची शैली. शैली कसली? वरच्या आजोबांची झोप होती ती.

पण तुला जमायचं ते मला जमत नव्हतं, हेही खरं. मी एकेक आवाज वर ढकलत जायची. किक कमी वाटला की किक वर, मग बेस कमी वाटला की बेस वर, मग धून दबली की धून वर, शेवटी मीटरचा काटा लाल आणि सगळं एकमेकांच्या अंगावर. तू यायचीस आणि आवाज कमीजास्त करायचे सगळे फेडर खाली ओढायचीस. सगळे. पार तळाला. "आधी वर जागा सोड," म्हणायचीस. "कपाळापर्यंत भरलंस तर श्वास कुठून घेणार?" मग एकेक आवाज वर आणायचीस, आणि प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात जाऊन तिथून ऐकायचीस, नळाशी उभी राहून. परत येऊन केसभर खाली, केसभर वर. मी खुर्चीत बसून बघायची आणि पोटात आग पडायची. मला वाटायचं, हिला काय ऐकू येतं जे मला येत नाही? माझे कान का मातीचे आहेत?

माझ्या एका मिक्सला तू काय म्हणाली होतीस आठवतं? "छान. शेजाऱ्यांना पोचलं. आता आपल्याला ऐकू येईल असं कर." आणि दुसऱ्याला, "हे गाणं आहे की नांदेड गाडी फलाटाला लागल्याची घोषणा?" मी तुझ्या अंगावर हेडफोन फेकला होता. तू झेललास आणि कानाला लावून पुढचं ऐकायला लागलीस.

मग आंधळी कोशिंबीर निघाली. ती मी काढली, हे शोकसभेत कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. मी म्हटलं, तुझं मिक्स चांगलं वाटतं ते तुझं म्हणून वाटतं. बघू या न बघता. प्रत्येक ट्रॅक दोघींनी आपापला मिक्स करायचा, एकमेकींना न दाखवता. मग डोळे मिटून बसायचं, काकूंनी बटण दाबायचं, कधी हिचं, कधी तिचं, नुसतं "एक" आणि "दोन" म्हणायचं. जे चांगलं वाटेल त्याचा आकडा दोघींनी सांगायचा. जिंकेल तिचं मिक्स बाहेर जाणार. हरेल तिने चहा करायचा. चहाची अट तू घातलीस. तुला चहा करायचा कंटाळा होता आणि आपण हरणार नाही याची खात्री होती, असल्या आगाऊ आत्मविश्वासाने घातलीस.

आणि त्याच दिवशी तू मला मीटर लावायला शिकवलंस. दोन्ही मिक्सचा आवाज आधी अगदी सारखा करून घ्यायचा, मगच खेळायचं. कारण कान लबाड असतो. दोन हुबेहूब सारखी मिक्स घ्यावीत, एक केसभर मोठं लावावं, ऐकणारा त्यालाच निवडणार. मोठं आहे असं म्हणणार नाही, चांगलं आहे असं म्हणणार. "माणसांचंही तसंच असतं," तू म्हणालीस, आणि माझ्याकडे बघितलंस. मी काय तेवढी मोठ्याने बोलते? बरं, बोलते.

मी हरत गेले. एखाद्याने सोडून द्यावा असा खेळ, पण मी दर रविवारी यायची. हरून हरून तुझ्या स्वयंपाकघराची मालकीण झाले मी. आलं कुठे, गवती चहा कुठल्या कुंडीतला, साखरेच्या डब्याचं झाकण कसं उघडायचं, तुला माहीत नव्हतं, मला होतं. काकूंना माझ्याच हातचा चहा लागायचा. तुझ्यावर मात करायची एवढी एकच जागा होती आणि तिथे मी हरल्याशिवाय पोचत नव्हते. कधीतरी, फार क्वचित, मी जिंकले की तू उठायचीस, भांडी आदळायचीस, आणि ते पाणचट काहीतरी आणायचीस. साखर विसरायचीस. काकू आणि मी मुकाट्याने प्यायचो. तो चहा मला फार आवडायचा, रेवती. असला भिकार चहा मी जगात कुठे प्यायले नाही, आणि प्रत्येक घोट मला अमृतासारखा लागायचा.

काकूंना मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं, कुणाचं चांगलं असतं? काकू म्हणाल्या, "मला गं काय कळतंय त्यातलं? दोन्ही सारखीच वाटतात. मी आपली तुमची तोंडं बघते. तुझं तोंड आंबट झालं की समजते, आता रेवतीचं लागलंय." तू इतकी हसलीस की खुर्ची मागे गेली. मी नाही हसले. कारण ते अगदी खरं होतं. मी डोळे मिटून ऐकायची ते कानाने नव्हतंच. काकू बटण दाबायच्या, आणि एका क्षणी पोटात ती आग उठायची, म्हणजे हे तुझं, म्हणजे हेच चांगलं. मी त्याचाच आकडा सांगायची. एवढं प्रामाणिकपणे कुणी कुणावर जळलं नसेल.

आपलं एक भांडण मात्र मिटलं नाही. माझ्या धुना. ट्रॅकमधली धून बहुतेक वेळा माझी असायची, आणि तू तिला मागे ठेवायचीस. दरवेळी. किक, बेस, ते तुझे स्वारगेटवरून उचलून आणलेले हॉर्न आणि कंडक्टरची घंटी, हे सगळं पुढे, आणि माझी धून लांब, आतल्या खोलीत कुणी गुणगुणावं तशी. मी म्हणायची, पुढे आण. तू म्हणायचीस, पुढे आणली की पोकळ होईल, ती शोधायला लागली पाहिजे. मी म्हणायची, तुला माझं काही पुढे आलेलं बघवतच नाही. तू म्हणायचीस, "अकोला, चहा कर." किती सोपं होतं तुझं. मंडईत आपण कानात इयरफोन घालून हिंडायचो, त्या सगळ्या ओरड्यात काय टिकतंय ते बघायला, आणि तू बाहेर येऊन सांगायचीस, "गवारवाल्याने तुझा बेस खाल्ला, पण धून बघ, टिकली. मागे असते म्हणूनच टिकते." मला ते कधी पटलं नाही. मला वाटायचं, ही माझं तोंड बंद करायला काहीही सांगते.

हा शेवटचा ट्रॅक त्याच भांडणात सुरू झाला. रोहित पुण्यातल्या आपल्यासारख्या मंडळींचा अल्बम काढतोय, त्यात आपला एक. डेपोतल्या आवाजांचा ठेका तुझा, वरची शिट्टीसारखी धून माझी. मी ठरवलं होतं, या वेळी हरवायचंच. म्हणून सरळ तुझी नक्कल केली. घरी पंखा बंद केला, आवाज इतका खाली घेतला की फ्रिज सुरू झाला की थांबावं लागायचं, स्वयंपाकघरात जाऊन ऐकलं. आणि दात ओठ खात माझी धून मागे सारली. स्वतःच्या हाताने. तुला हरवण्यासाठी मी ते केलं, तुझं पटलं म्हणून नव्हे, हे लक्षात ठेव.

तुला ताप आला. साधा आहे म्हणालीस. त्या तापातच तू तुझं मिक्स संपवलंस आणि मला मेसेज केलास, "झालं माझं. तू कधी हरतेयस?" मी उत्तरात फक्त अंगठा पाठवला. रविवारी येतेच आहे, तेव्हा काय ते बोलू, असं म्हटलं मनात. रविवारी तू दवाखान्यात होतीस. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. मी हात धरला तर न बघता विचारलंस, "वर जागा सोडलीस का?" मी म्हटलं, "सोडली." "खोटं," म्हणालीस. ते शेवटचं. मी पैजेवर सांगते, खरोखर सोडली होती.

मग रोहितचा फोन आला. "फाइल सोमवारी हवी आहे गं. रेवतीचंच मिक्स टाकू या ना? शेवटचं आहे तिचं." मी विचारलं, तू ऐकलंस का ते? नाही म्हणाला. माझं ऐकलंस? तेही नाही. ऐकायची गरजच नव्हती कुणाला. तू गेलीस म्हणून तू जिंकलीस. बघ तुझी चलाखी. खेळायच्या आधीच उठून गेलीस आणि डाव तुझ्याच नावावर. आता जन्मभर तुझं मिक्स चांगलं आणि मी मदत करणारी. मी फोन ठेवला आणि काकूंकडे आले.

चौदावा परवाच झाला होता. घरात अजून पाहुण्यांच्या चपला. काकू एकट्याच आतल्या खोलीत, तुझ्या त्या खोलीत, गोधडीच्या भिंतीला टेकून. मला कसं विचारावं कळेना. मी म्हटलं, "काकू, एक ट्रॅक राहिलाय आमचा. खेळायचा राहिलाय. बटण दाबाल का?" मला वाटलं, आता ही बाई मला घराबाहेर काढणार, आणि काढलंच पाहिजे. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग उठल्या आणि पंखा बंद केला.

"खिडकीही लाव," म्हणाल्या.

तुझ्या कॉम्प्युटरवर तुझ्या फाइलीशेजारी माझी फाइल उघडली आणि मीटर लावला. या वेळी तुझं मिक्स माझ्यापेक्षा मोठं निघालं. नेहमी उलटं असायचं. मला वाटलं, तापात हात जड पडला असेल. तुझं खाली आणायला लागले, आणि रेवती, हात शिवशिवले. अर्धा डेसिबल. अर्धा डेसिबल जास्त उतरवलं असतं तर कुणाला कळलं असतं? काकूंना नाही, रोहितला तर जन्मात नाही. तुला कळलं असतं. नळापाशी उभी राहून कळलं असतं. मी दोन्ही अगदी सारखी केली, तीनदा तपासली आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. तुझी खुर्ची शेजारी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"एक," काकू म्हणाल्या.

चांगलं होतं. भरीव, सगळं जागच्या जागी. माझी शिट्टी स्पष्ट, समोर, कुणालाही ऐकू यावी अशी. मी म्हटलं, एवढी मागे सारूनही पुढेच राहिली की, पण बरं केलंय मी. अगदी बरं केलंय.

"दोन."

आणि पोटात पेटलं. तोच तो हॉर्न, पण लांब, पुलापलीकडे. किक आला की बेस वाकून बाजूला होत होता, दार अडवून उभ्या असलेल्या माणसाने वाट द्यावी तसा. आणि धून कुठेच नाही. मग कळलं, आहे. ती संपली तेव्हा कळलं की होती. माझ्या मनात आलं, मेली, आतासुद्धा हरवते मला. आणि तो शब्द मनात आल्यावर मीच दचकले. डोळ्यांतून पाणी आलं ते तेव्हा पहिल्यांदा, सगळ्या दिवसांत पहिल्यांदा, आणि खरं सांगते, ते रागाचं होतं. काय असतं तुझ्यात? काय सोडून गेलीस त्या फाइलीत? मी इतकं तुझ्यासारखं करूनही तुझ्यासारखं का होत नाही?

काकूंनी परत लावलं, उलटसुलट करून. मी दरवेळी ओळखलं. दरवेळी तेच पेटलं.

"तोंड बघ तुझं," काकू हळूच म्हणाल्या. "तस्संच आंबट."

"हो. तिचंच चांगलं आहे," मी म्हटलं. "तिचंच जाऊ दे." आणि खुर्ची फिरवली.

पडद्यावर माझं नाव होतं.

मला वाटलं, काकूंची चूक झाली. त्यांना बाजूला करून मी स्वतः लावलं. मग वाटलं, फाइलीला नाव द्यायला मी चुकले. मूळ प्रोजेक्ट उघडले, तुझं आणि माझं, एकेक फेडर बघितला. चूक नव्हती. ते मीच केलं होतं, त्या घामाच्या दुपारी, फ्रिज बंद व्हायची वाट बघत. मी माझ्यावरच जळत होते. इतकी वर्षं ज्या आगीने तुला ओळखलं तिने या वेळी मला ओळखलं, आणि मला कळलंसुद्धा नाही.

आणि तुझं? तुझ्यात माझी धून पुढे होती. जिथे आणायला मी इतकी वर्षं भांडले, बरोब्बर तिथे. समोर, उजेडात, सगळ्यांच्या पुढे. आणि रेवती, पोकळ वाटत होती. तू म्हणायचीस तशीच. शोधायला काही उरलं नव्हतं. घे, म्हणते आता: तुझं बरोबर होतं. ऐकायला तू नाहीस म्हणून म्हणते.

पण का केलंस ते? तापाने कान दडपले होते म्हणून? का माझी कटकट एकदाची संपवावी म्हणून, घे बाई तुझी धून, बस बोंबलत? का तुला खरंच वाटलं की या ट्रॅकला तेच बरं? की मला काहीतरी द्यायचं होतं आणि तुला दुसरं काही देता येत नव्हतं? मी त्या फाइलीकडे बघत बसले होते, पण फाइल काय सांगणार? फेडर कुठे ठेवला ते सांगते, का ठेवला ते सांगत नाही. आता मला याचाही हेवा वाटतो. तू उत्तर घेऊन गेलीस आणि मी इथे प्रश्न घेऊन बसलेय. नेहमी तसंच, चांगला वाटा तुझा.

नियम नियम असतो. माझं मिक्स रोहितला पाठवलं. त्याने ऐकून लगेच लिहिलं, "पहिल्या दहा सेकंदांत कळतं, रेवती आहे." मी लिहिलं, हे माझं मिक्स आहे. त्याचं उत्तर, "हो गं, दोघींचंच आहे." काकूंना वाचून दाखवलं तर त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मग मीही हसले. काय करू? जिंकले तर हे असं जिंकले. लोक अल्बम ऐकतील, तुझ्या कानाचं कौतुक करतील, आणि त्या कोण कुठल्या बाई म्हणतील, कल्याणीने मदत केली हं. म्हणू दे. माझ्यात तुझं इतकं शिरलंय की आता तेही पूर्ण खोटं म्हणता येत नाही, आणि याचाही मला राग येतो.

काकूंनी कपाळावरचा घाम पुसला. पंखा लावायचं दोघींच्याही लक्षात नव्हतं. वरचे आजोबा उठले असावेत, डोक्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. स्वारगेटकडून एसटीचा हॉर्न. काकू गुडघ्यांवर हात ठेवून उठायला लागल्या.

"चहा टाकते," म्हणाल्या.

"बसा काकू," मी म्हटलं. "आज चहा तिच्याकडे आहे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि परत बसल्या. म्हणाल्या, "फार पाणचट करायची गं."

"हो."

"साखर विसरायची."

"दरवेळी."

दोघी बसलो आहोत, तुझी खुर्ची मध्ये, स्वयंपाकघराचं दार उघडं. चहाची वेळ होऊन गेली आहे. मी जिंकलेय, रेवती. ऊठ ना गं, आधण ठेव.